ना. गोखले आणि मुंबईचें कायदेकौन्सिल (१८९९–१९०१)

कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट वारंवार लक्षांत येते. चरित्रकार त्यांस फर्ग्युसन कॉलेजाच्या वर्गांतून उचलतो तो एकदम कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलांत नेऊन बसवितो, आणि तेथील २६ मार्च १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणापासून त्यांच्या पुढारीपणाची गणना सुरू करितो. त्यापूर्वीं सुमारें दोन वर्षें गोखले मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते, ही गोष्ट कोणी लपवून ठेविली आहे असें नाहीं. परंतु ती दोन ओळींत उरकण्याची वहिवाट पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, कलकत्त्यास जें लोकांस दिसलें त्याची सामग्री, शिस्त व पत हीं तिन्ही मुंबईच्या कौन्सिलांत तयार झालीं होतीं. १९०५ सालीं, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, त्याचा उगम या दोन वर्षांत शोधला पाहिजे. तसेंच, गोखल्यांचें पुढारीपण हें सर फिरोजशहा मेहतांनीं दिलेलें दान होतें, असा जो आक्षेप त्यांच्या हयातींत व नंतरही घेतला गेला, त्याचा खरेखोटेपणाही येथेंच ठरतो.

प्रथम तें कौन्सिल कसें होतें तें पाहूं. १८९२ च्या कायद्यानें प्रांतिक कौन्सिलें वाढविण्यांत आलीं. मुंबईच्या कौन्सिलांत गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाखेरीज जास्तींत जास्त वीस सभासद घेतां येत. ‘निवडणूक’ हा शब्द कायदा करणारांनीं जाणूनबुजून टाळला होता. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विश्वविद्यालय, दक्षिणेंतील सरदार, व्यापारी मंडळ इत्यादिकांनीं नांवें सुचवावयाचीं व गव्हर्नरसाहेबांनीं तीं नेमावयाचीं, अशी रीत होती. सुचविलेलें नांव सहसा परत येत नसे, म्हणून लोक त्यास निवडणूकच म्हणत. सरकारपक्षाचें मताधिक्य राखूनच सारी रचना केलेली. सभासदास अंदाजपत्रकावर बोलतां येई, पण मत देतां येत नसे. प्रश्न विचारतां येई, पण उत्तर आल्यावर त्यावर दुसरा प्रश्न करतां येत नसे. लोकपक्षाच्या सभासदानें जन्मभर तेथें बसून एकही ठराव जिंकला नसता तरी त्याचा दोष त्याजकडे गेला नसता. मात्र याच व्यवस्थेंत वर जाण्याची एक पायरी होती. प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं वरिष्ठ कौन्सिलाकरितां एका गृहस्थाचें नांव सुचवावयाचें असे. मेहता १८९३ सालीं याच पायरीनें कलकत्त्यास गेले होते. गोखल्यांपूर्वीं पुण्याचे बाळ गंगाधर टिळक १८९५ पासून मुंबईच्या कौन्सिलांत होते. १८९७ सालीं राजद्रोहाच्या खटल्यामुळें त्यांचा तेथील संबंध सुटला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. तेरा वर्षांचे असतां वडील वारले. थोरल्या बंधूंनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतून आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठीं पाठविले. ही कथा सर्वश्रुत आहे. १८८४ सालीं बी. ए. झाल्यावर ते न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले, पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, व फर्ग्युसन कॉलेजांत गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र जें पडेल तें शिकवूं लागले. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून पुष्कळ चाललें. ज्यानें उभें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलें त्या आमच्यासारख्याला एवढें सांगावेंसें वाटतें कीं, पुढें सरकारच्या आंकड्यांत चूक काढणारा जो गोखले हिंदुस्थानानें पाहिला, तो मुळांत अंकगणिताचा मास्तर होता.

खरें शिक्षण मात्र न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्यापाशीं झालें. सार्वजनिक सभेचे चिटणीस व तिच्या त्रैमासिकाचे संपादक या नात्यानें गोखल्यांनीं सरकारकडे पाठवावयाचे अर्ज लिहावे, रानड्यांनीं ते तपासावे, आणि एखाद्या आंकड्याचा आधार सांगतां न आल्यास पुन्हां लिहावयास लावावे, असें कित्येक वर्षें चाललें. सरकार या अर्जांची पोंचही धड देत नाहीं, मग एवढा खटाटोप कशास, असें गोखल्यांनीं एकदां विचारलें असतां रानड्यांनीं सांगितलें कीं, अर्ज नांवाला सरकारकडे असतो, खरा तो लोकांसाठीं लिहावयाचा असतो. ही आठवण गोखल्यांनींच पुढें सांगितली आहे. कौन्सिलांतील त्यांच्या वर्तनाची किल्ली येथें आहे. अध्यक्षस्थानीं गव्हर्नर असत. गोखले त्यांस उद्देशून बोलत. पण तें बोलणें छापून निघाल्यावर जो वाचील त्याच्यासाठीं तें रचलेलें असे.

१८९७ सालीं जें घडलें तें थोडें सविस्तर सांगणें प्राप्त आहे; त्याशिवाय पुढचें कळत नाहीं. त्या वर्षीं गोखले वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्याकरितां विलायतेस गेले होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बानर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते. त्यांत गोखले सर्वांत लहान, एकतीस वर्षांचे. साक्ष उत्तम झाली. इतक्यांत पुण्यास प्लेगाच्या झडत्यांमध्यें गोऱ्या शिपायांनीं केलेल्या अत्याचारांचीं पत्रें घरून त्यांस गेलीं, त्यांत स्त्रियांवरील अत्याचाराचीही हकीकत होती. गोखल्यांनीं ती मँचेस्टरच्या एका प्रमुख वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केली. २२ जून रोजीं पुण्यास रँडचा खून झाला. गोखले परत आले तों पत्रें लिहिणारे पुरावा देण्यास पुढें येण्याच्या स्थितींत नव्हते, आणि त्यांचीं नांवें सांगणें म्हणजे त्यांस संकटांत लोटणें होतें. गोखल्यांनीं नांवें सांगितलीं नाहींत. आपलें विधान सिद्ध करतां येत नाहीं असें कबूल करून ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं बिनशर्त माफी मागितली.

त्या माफीनें त्यांचें सार्वजनिक जीवन संपलें असेंच पुष्कळांस वाटलें. टिळकांनीं तुरुंग पत्करला व गोखल्यांनीं माफी मागितली, ही तुलना तेव्हां पुण्यांत सर्वांच्या तोंडीं होती, व अजूनही ती अधूनमधून ऐकूं येते. आमच्या मतें ती न्याय्य नाहीं. टिळकांवरील आरोप स्वतःच्या लेखाबद्दल होता व त्या लेखाचा अर्थ त्यांस मान्य नव्हता. गोखल्यांपुढें प्रश्न दुसऱ्यांच्या नांवांचा होता. तथापि माफीचे शब्द जरुरीपेक्षां अधिक लवचिक होते, हेंही म्हटलें पाहिजे. सिद्ध न झालेलें विधान मागें घेणें एक आणि दोषी ठरविलेल्या अंमलदारांची स्तुति करणें दुसरें. या जखमेचा व्रण गोखल्यांच्या मनांत शेवटपर्यंत राहिला. प्लेगाच्या कामांत त्यांनीं स्वतः घरोघर फिरून काम केलें, सभांतून थोडें बोलले, आणि एकही आंकडा आधाराशिवाय बोलावयाचा नाहीं असा जणूं नियम करून घेतला. अशा स्थितींत १८९९ च्या अखेरीस ते मुंबई कौन्सिलांत निवडून आले.

तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ चा दुष्काळ पुरता ओसरला नाहीं तोंच १८९९-१९०० चा, ज्याला गुजराथेंत संवत् १९५६ वरून छप्पन्नचा म्हणतात, तो आला. साऱ्याची बाकी थकली, गुरें मेलीं, सावकाराचें देणें वाढलें. गोखल्यांनीं दुष्काळ व सारावसुली यांविषयीं कौन्सिलांत भाषणें केलीं. १९०१ च्या जिल्हा-म्युनिसिपालिट्यांच्या कायद्याच्या चर्चेंतही भाग घेतला. पुढें ते पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले तेव्हां याच कायद्याखालीं कारभार करण्याचा प्रसंग त्यांजवर आला. परंतु त्यांच्या या कारकीर्दींतील मुख्य प्रकरण म्हणजे जमीनमहसुलाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल होय.

बिलाचा आशय असा होता. मुंबई इलाख्यांत १८७९ च्या कायद्याप्रमाणें खातेदारास आपली जमीन वंशपरंपरा भोगतां येई व ती विकतां किंवा गहाण टाकतां येई. त्याच सुमारास, १८७५ च्या सुपें वगैरे ठिकाणच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाही कायदा झाला होता. तरी जमिनी सावकारांकडे जावयाच्या थांबल्या नाहींत. आतां सरकारनें असें सुचविलें कीं, साऱ्याच्या बाकीसाठीं जी जमीन सरकारजमा होईल ती पुन्हां देतांना, कलेक्टराच्या परवानगीवांचून ती विकूं वा गहाण टाकूं नये, अशी शर्त घालण्याचा अधिकार सरकारास असावा. महसूलखात्याचे सभासद मि. माँटीथ यांनीं शेतकऱ्याच्या रक्षणासाठीं म्हणून हें बिल पुढें मांडलें. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट होते.

ऐकावयास हेतु चांगला दिसतो, आणि तो सर्वस्वीं खोटा होता असें आम्हीही म्हणत नाहीं. पण दोन दुष्काळांनंतर बाकी थकलेल्या जमिनी थोड्या नव्हत्या. त्या सरकारजमा करून नव्या शर्तीवर परत द्यावयाच्या म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हक्क, पाऊस न पडल्याबद्दल, एका फटकाऱ्यानें कमी करावयाचा, असा त्याचा अर्थ रयतेनें घेतला. इलाखाभर सभा झाल्या. बिल लोकांपुढें मतासाठीं आणखी कांहीं काळ ठेवावें, एवढीच लोकपक्षाची मागणी होती.

१९०१ च्या ऑगस्टांत पुण्यास बिलाची शेवटची चर्चा झाली. गोखल्यांचें त्यावेळचें भाषण आज वाचलें तरी ताजें वाटतें. सावकारांची बाजू त्यांनीं घेतली नाहीं. शेतकऱ्याची जमीन जाते हें दुःख खरें आहे, असें धरूनच ते चालतात. त्यांचा प्रश्न असा कीं, जमीन गहाण टाकण्याचा हक्क काढून घेतला म्हणजे शेतकऱ्याची पत जाते. मग बियाणें, बैल, लग्नकार्य व साऱ्याचा हप्ता यांसाठीं पैसा तो कोठून आणणार? सावकारास दाराबाहेर घालवावयाचें तर त्याच्या जागीं दुसरें कोणी उभें केलें पाहिजे. म्हणून त्यांची सूचना अशी कीं, सरकारनें एखादा लहानसा मुलूख घ्यावा, तेथील शेतकऱ्यांचीं कर्जें स्वतः भागवावीं, शेतकी पेढ्या काढाव्या, आणि मग त्या जमिनी अविक्रेय कराव्या. प्रयोग फळास आला तर तो वाढवावा. तीनच वर्षांनीं, १९०४ सालीं, हिंदुस्थान सरकारनें सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला, हें येथें आठवावें. विरोध करतांना दुसरा मार्ग दाखवावयाचा, व तोही सरकारच्याच हेतूपासून काढावयाचा, ही जी गोखल्यांची वरिष्ठ कौन्सिलांतील पद्धत म्हणून पुढें नांवाजली गेली, ती पूर्णपणें येथें दिसते.

मेहतांची उपसूचना मताधिक्यानें फेटाळली गेली. तेव्हां मेहता उठले व त्यांच्यामागोमाग गोखले व इतर कांहीं सभासद सभागृह सोडून गेले. हिंदुस्थानांतील कायदेमंडळांच्या इतिहासांतील हा पहिल्या सभात्यागांपैकीं एक होय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, सभेंत एक तर शिरूं नये, आणि शिरल्यास यथार्थ बोलावें. यथार्थ बोलून झाल्यावर कोणी ऐकत नसेल तर उठून जावें कीं बसून राहावें, हें स्मृतिकारांनीं सांगितलेलें नाहीं. त्यांच्या सभेंत सरकारी मताधिक्य नव्हतें. गोखल्यांचा स्वभाव बसून राहण्याचा होता. कलमागणिक उपसूचना मांडून, हरून, पुन्हां मांडणें हें त्यांस अधिक रुचलें असतें, व त्यांची नंतरची सारी कारकीर्द याची साक्ष देते. त्या दिवशीं ते मेहतांचे अनुयायी म्हणून उठले. अनुयायीपणा पत्करल्यावांचून कोणत्याही पक्षांत पुढारीपण हातीं येत नाहीं, हें ते जाणून होते, व येथें आक्षेपकांस त्यांचा भाग दिला पाहिजे.

बिल अर्थातच पास झालें व १९०१ चा मुंबईचा ६ वा कायदा म्हणून अंमलांत आलें. पण त्याची हकीकत तेथें संपत नाहीं. आपल्या गांवचा सात-बारा ज्यानें काढला आहे त्यास ‘नवी शर्त’ हे शब्द अपरिचित नाहींत. ही नवी शर्त म्हणजे त्याच कायद्यानें आलेली मर्यादित हक्काची शर्त. तिच्या उलट ती ‘जुनी शर्त’. प्रस्तुत लेखकाकडे शिकलेला एक शेतकरी कांहीं वर्षांपूर्वीं आपला उतारा घेऊन आला व ‘नवीन व अविभाज्य शर्त’ म्हणजे काय, असें विचारूं लागला; त्याच्या आज्यास जमीन मिळाली तेव्हांपासून हे शब्द त्यावर होते, आणि तलाठी सांगे कीं परवानगीशिवाय विकतां येणार नाहीं. त्यास १९०१ सालची गोष्ट सांगितली तेव्हां त्यानें विचारलें कीं, मग गोखल्यांचें खरें होतें कीं सरकारचें? उत्तर सोपें नाहीं. स्वराज्य आल्यावर लोकनियुक्त सरकारांनीं भूमिहीनांस जमिनी दिल्या त्या याच धर्तीच्या शर्तीवर दिल्या, व महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल कायद्यांत भोगवटादारांचा दुसरा वर्ग म्हणून ती शर्त कायम झाली. ज्या हत्याराला गोखल्यांनीं विरोध केला तें पुढें रयतेच्या प्रतिनिधींनींच उचललें. परंतु फुकट दिलेल्या जमिनीस शर्त घालणें आणि बापजाद्यांची जमीन जप्त करून तीच शर्तीवर परत देणें या दोहोंत अंतर आहे. आणि पतीचा जो प्रश्न गोखल्यांनीं विचारला तो वर्ग दोनच्या खातेदारास कर्ज काढतांना अजून भेटतो. त्या शेतकऱ्यास आम्हीं इतकेंच सांगितलें.

आतां पुढारीपणाच्या पायरीकडे वळूं. १६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले. त्याच महिन्यांत, मेहता प्रकृतीच्या कारणानें वरिष्ठ कौन्सिलांतील जागा सोडणार असें कळल्यावरून, गोखल्यांनीं त्यांस पत्र लिहून त्या जागेची इच्छा स्पष्टपणें कळविली. १८९७ च्या प्रकरणानें आपल्या मनावर केलेला घाव त्यांत त्यांनीं झांकून ठेविलेला नाहीं. मागून घेतलेलें पद म्हणून या पत्राकडे बोट दाखविणारे आहेत. मागितलें हें खरें. पण मतें देणारे मूठभर सभासद असले तरी ते गोखल्यांचें काम दोन वर्षें शेजारीं बसून पाहत होते, हें विसरतां येत नाहीं. मेहतांच्या शब्दानें दार उघडलें असेल. आंत गेल्यावर बोलावयाचें तें गोखल्यांनाच होतें.

आणि ते काय बोलले तें प्रसिद्ध आहे. २६ मार्च १९०२ रोजीं सरकारनें सुमारें सात कोटींची शिल्लक अभिमानानें दाखविली असतां, दुष्काळानें पिडलेल्या देशांत ही शिल्लक सुबत्तेची खूण नसून गरजेपेक्षां जास्त कर घेतल्याची खूण आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. मुंबईंत सारावसुलीविषयीं केलेला युक्तिवाद येथें साऱ्या देशाच्या जमाखर्चास लावला आहे. मिठावरील कर तेव्हां मणास अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला. प्राप्तीवरील करांतून सुटीची मर्यादा १९०३ सालीं पांचशांवरून हजारावर गेली. याचें सर्व श्रेय एकट्या गोखल्यांस देणें भाबडेपणाचें होईल. परंतु मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभेंत वर्षानुवर्षें तोच हिशेब मांडून सरकारास सवलत देणें सोयीचें करून ठेवणारे तेच होते. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, व डिसेंबरांत काशीस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. १८९७ ची माफी विसरली गेली नव्हती. ती मागें पडली होती.

या पुढारीपणाची मर्यादाही त्याच दोन वर्षांत पडलेली दिसते. गोखल्यांनीं कधींही मोठ्या मतदारसंघापुढें उभें राहून मत मागितलें नाहीं. तशी सोयच नव्हती. त्यांचा श्रोता म्हणजे छापील वृत्तांत वाचणारा सुशिक्षित. दोन वर्षांनीं, डिसेंबर १९०७ मध्यें, सुरतेस सभा फुटली तेव्हां मंडपांतील माणसांना आवरण्यास हें बळ उपयोगी पडलें नाहीं. उलट, १९११ सालीं त्यांनीं आणलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९ मार्च १९१२ रोजीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं पडलें, तरी तें भाषण पुढच्या पिढीनें पुन्हां पुन्हां काढून वाचलें. हरणाऱ्या बाजूनें बोलण्याची ही तालीम त्यांनीं मुंबईंत घेतली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला.

गोखल्यांचा मोठा पत्रसंग्रह दिल्लीस राष्ट्रीय अभिलेखागारांत सुरक्षित आहे, व कौन्सिलाचे वृत्तांत सरकारी दप्तरांत छापील मिळतात. पण १९०१ च्या बिलाविरुद्ध गांवोगांव ज्या सभा झाल्या त्यांचे अर्ज, सह्यांच्या याद्या व मोडी टिपणें हीं देशमुख-पाटलांच्या, वकिलांच्या व जुन्या म्युनिसिपल सभासदांच्या घरीं असावयाचीं. संग्राहक मंडळी पेशवाईच्या कागदासाठीं माळे धुंडाळतात, आणि त्याच रुमालांत खालीं पडलेला ऐंशी-नव्वदच्या सालांतला किंवा त्यानंतरचा कागद ‘अलीकडचा’ म्हणून बाजूस टाकतात. प्रस्तुत लेखकाकडूनही पूर्वीं हा अपराध घडला आहे. नगर, पुणें, सोलापूर, सातारा, नाशिक व खानदेश या भागांतील ज्यांच्या हातीं असा कागद येईल त्यांनीं, तो फाटका वा निनांवी असला तरी, त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मोडी वाचून देण्याचें काम प्रस्तुत लेखक आनंदानें करील.